खाडाखोड नव्हे, दुरुस्ती

३ मार्च, सोमवार

मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आठवतील तशा:

या घराचा जिना. सोळा पायऱ्या, प्रत्येक सात इंच उंच, पहिलीपासून सोळावीपर्यंत सूतभराचाही फरक नाही. समोरचं लोखंडी दार, बिजागऱ्यांसकट. दुकानातला लेथ, भंगारातल्या पंपाच्या मोटारीवर चालणारा; अकरा महिने लागले. हिचं शिवणाचं टेबल, ज्यात मशीन आत उतरतं आणि वर फळी सपाट होते. आईला शेवटच्या वर्षात टेकून बसता यावं म्हणून पलंगाला वरखाली होणारी पाठ. आप्पांच्या खोलीचं दार, जे लावताना आवाज होत नाही. पुस्तकं बांधायचा शिकंजा. ही वही: दोनशे चाळीस पानं, दोऱ्याची शिलाई, कापडी पाठ.

यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही.

यादी करायचं कारण, आज आप्पांना घेऊन पेन्शन कचेरीत गेलो होतो. फॉर्ममध्ये अर्जदार ज्याच्या घरी राहतो त्याची माहिती मागतात. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, शिक्षण? म्हटलं, सातवी. धंदा? म्हटलं, दुरुस्ती, सर्व प्रकारची. माझ्या दुकानाच्या पाटीवर हेच लिहिलेलं आहे. त्याने शांतपणे लिहिलं: अकुशल.

मी म्हटलं, "खोडा ते."

"अहो मिस्त्री, कॉलमात दोनच शब्द आहेत, कुशल आणि अकुशल. कुशलला सर्टिफिकेट लागतं. आहे?"

आप्पा बाजूला काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. म्हणाले, "लिहू दे रे त्याला. माझ्या पेन्शनीचा फॉर्म आहे, तुझ्या लग्नाचा नाही."

मागच्या रांगेतले लोक हसले. कारकूनही हसला. त्याच्या शर्टाच्या बाहीत ओळीने टाचण्या खोचलेल्या असतात, एक काढतो, कागदाला लावतो, दुसरी काढतो. मी त्याचं नाव टाचणी ठेवलं आहे.

५ मार्च, बुधवार

पुढे वाचताना घोटाळा नको म्हणून सगळं नीट लिहून ठेवतो.

आप्पा सैन्यात दहा वर्षं चार महिने होते. काम टेलिफोनच्या तारा टाकण्याचं. खांद्यावर तारेचं रीळ घ्यायचं, एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत तार सोडत जायचं, कुठे तुटली की जाऊन सांधायची. मग वरून माणसं कमी करायची टूम निघाली आणि यांना घरी पाठवलं, पेन्शनीशिवाय. मी तेव्हा पाच वर्षांचा. दारात एक माणूस ट्रंक घेऊन उभा राहिला आणि आई म्हणाली, हे तुझे वडील. त्याआधी मी त्यांना पाहिल्याचं मला आठवत नाही. त्यानंतरही त्यांनी फार काही दाखवलं असं नाही.

आता नवा नियम आला आहे. ज्यांची दहा वर्षं भरली आणि वय पंचाहत्तरच्या वर आहे त्या सगळ्यांना पेन्शन. आप्पा एकोणऐंशी. पण मुख्यालयातली त्या सालांची दप्तरं पाण्यात भिजून लगदा झाली. म्हणून ज्याचं त्याने सिद्ध करायचं, आणि पुरावा एकच, सैन्यातून सुटताना हातात दिलेलं सेवापुस्तक.

ते आज आप्पांनी ट्रंकेतून काढलं. हातरुमालात गुंडाळलेलं. पाठ निघालेली, कसरीने अर्धी शिलाई खाल्लेली, तीन पानं सुटी, पान अकरावर कपाच्या बुडाएवढा तपकिरी डाग. नंबर सहा आकडी. पहिले चार स्पष्ट, शेवटचे दोन इतके पुसट की भिंग लावावं लागलं.

मी हात पुढे केला तर पुस्तक मागे घेतलं.

"हात लावू नकोस. जसं आहे तसं द्यायचं."

"आप्पा, याची पानं त्या खिडकीतच गळतील."

"गळू देत. मीही गळतोय."

शेवटी तारखेपर्यंत सांभाळायला म्हणून माझ्याकडे दिलं. पुस्तक दाखवायला कचेरीने मंगळवारची तारीख दिली आहे.

९ मार्च, रविवार

काम पूर्ण झालं. आयुष्यात केलेल्या पाच उत्तम कामांतलं एक, असं मी शांत डोक्याने लिहीत आहे.

पानं सोडवली, मऊ कुंचल्याने झाडली. कसरीची भोकं मागून पातळ कागद लावून भरली. खळ पाण्यासारखी पातळ ठेवली, म्हणजे पान ताठ होत नाही. शिलाई जुन्याच भोकांतून घेतली. पुठ्ठा नवा, वर गडद हिरवं कापड, मूळ कव्हराच्या एका कोपऱ्यात जो रंग उरला होता तोच. डाग नव्वद टक्के गेला. शाईसाठी सहा वेळा मिश्रण केलं. शेवटी निळ्या-काळ्या शाईत चहाचं पाणी दोन थेंब, तेव्हा जुना रंग साधला. नंबरचे शेवटचे दोन आकडे, चार आणि नऊ, आणि सैन्यातून सुटल्याच्या तारखेचा महिना, जुन्याच रेषेवरून टाकाने उजळले. माझ्या मनाचं एक टिंबही घातलेलं नाही. भिंगाखाली होतं तेच.

पान अकराच्या कडेला कोणीतरी पेन्सिलीने आडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या, एकाखाली एक, चौदा. कागद खराब दिसत होता. त्या खोडल्या.

आप्पांनी नको म्हटलं होतं, हे मान्य. पण ते तसंच दिलं असतं तर लोक म्हणाले असते, यांच्या घरात दुरुस्तीवाला राहतो ना?

ही खोलीत डोकावून म्हणाली, "अहो, विचारलंत का त्यांना?"

म्हटलं, "पेशंटला विचारून टाके घालतात का?"

"घालतात," ती म्हणाली. "सही घेतात आधी."

११ मार्च, मंगळवार

टाचणीने पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, नाकाशी नेलं.

"हे काल छापलंय का?"

मी समजावून सांगायला लागलो. कापड, खळ, शिलाई, शाईचं प्रमाण. मला वाटलं तो ऐकतो आहे. तो ऐकतच होता. मी आकड्यांपर्यंत आल्यावर त्याने हातातली टाचणी खाली ठेवली आणि शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारली, "ए, इकडे ये, हे बघ, नंबर घरी पाडून आणलाय."

मग चार जण जमले. एक भिंग आलं, माझ्या भिंगापेक्षा हलकं. एकजण म्हणाला, भारी काम आहे. दुसरा म्हणाला, किती घेता? मी म्हटलं, तोंड सांभाळा. टाचणी पुस्तक घेऊन आत गेला, वीस मिनिटांनी आला. पहिल्या पानावर जांभळा शिक्का: संशयास्पद. तोही तिरका.

"मिस्त्री, हात चांगला आहे तुमचा," तो म्हणाला. "म्हणून तर घात झाला. फाटकंतुटकं आणलं असतंत तर तिसऱ्या दिवशी पास केलं असतं. इथे सगळी तशीच येतात."

आप्पा पूर्ण वेळ बाकावर होते. मी पुस्तकाला हात लावला आहे हे त्यांना तिथेच, चारचौघांत कळलं. घरी जिना चढताना, सातव्या-आठव्या पायरीवर थांबून, मागे न बघता म्हणाले, "तुला एवढंच सांगितलं होतं. काही करू नकोस. तेवढंही तुला करता आलं नाही."

माणसाने काही न करणं हेही काम असतं, असं त्यांचं म्हणणं दिसतं.

१२ मार्च, बुधवार

कचेरीने पुस्तक पाहणी करून परत दिलं आहे. बोलावतील तेव्हा न्यायचं. सकाळी आप्पांनी मागून घेतलं. सरळ पान अकरा उघडलं. डोळ्यांजवळ नेलं, उजेडात तिरकं धरलं, अंगठा कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला.

"रेघा?"

"साफ केल्या. पेन्सिलीच्या होत्या."

त्यांनी पुस्तक मिटलं, माझ्या हातात दिलं आणि वर गेले. दार लावलं. दाराचा आवाज झाला नाही.

२० मार्च, गुरुवार

आप्पा जेवायला खाली येत नाहीत. ताट वर जातं, रिकामं खाली येतं. आज ही सहा वेळा चढली-उतरली. म्हणाली, "तुमच्या पायऱ्या अगदी सारख्या आहेत हो. गुडघे दोन्ही सारखेच दुखतात."

मी लक्ष दिलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

नोटीस आली. "खाडाखोड केलेला दस्तऐवज सादर केल्याबाबत." खुलासा मागवला आहे.

खाडाखोड! खाडाखोड म्हणजे आधीचं बिघडवून आपल्या सोयीचं लिहिणं. शाळेत गुण बदलतात ती खाडाखोड. वजनकाट्याला चिकट मेण लावतात त्यातली जात. मी जे होतं ते वाचवलं. याला दुरुस्ती म्हणतात. बत्तीस वर्षं या शब्दावर मी पोट भरतो आहे.

चार पानी उत्तर लिहिलं. सोबत पानाच्या छेदाची आकृती काढली: मूळ कागद, मूळ शाई, वर माझी शाई, मापांसह. कचेरीत आत एक साहेबबाई बसतात, सगळे त्यांना मॅडम म्हणतात. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी आकृती बराच वेळ पाहिली.

"फार सुंदर काढली आहे," त्या म्हणाल्या. "पण यावरून एवढंच सिद्ध होतं की शाई दोनदा लागली."

"एकाच रेषेवर."

"ते कशावरून?"

"मी सांगतो त्यावरून."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांबरोबर असलेला कोणी जिवंत आहे का? त्याचं निवेदन आणा. मीही माझ्या बाजूने शोधते."

घरी येऊन हिला उत्तर वाचून दाखवलं. चारही पानं. शेवटी तिने विचारलं, "यात आप्पा कुठे आहेत?"

विषयच तो नव्हता.

६ एप्रिल, रविवार

आप्पांबरोबरचा एकजण हयात आहे. पलटणीत बिगुल वाजवायचा; आप्पा त्याला अजून बिगुलच म्हणतात. माजी सैनिकांच्या वसतिगृहात राहतो, बसने सव्वा तास. मी एकटाच गेलो. वय ऐंशी, आवाज तीन माणसांचा.

"तू त्याचा पोरगा? तो सगळं मोजतो तो?"

निवेदन लगेच दिलं. अंगठा नाही, सही केली, तारीख घातली. मग मला इमारत दाखवत फिरवलं. लांब खोल्या, खोलीत सहा खाटा. खाटांचं वेल्डिंग गबाळं. दारं घासतात. एका कोपऱ्यात खिडकीजवळ रिकामी खाट, गादी गुंडाळलेली.

"ही त्याची," बिगुल म्हणाला. "दोन महिने अडवून ठेवलीय मी. इथे पेन्शनीचा नंबर असल्याशिवाय घेत नाहीत. नंबर आला की दुसऱ्या दिवशी येतो म्हणालाय. रोज नवा कोणीतरी येऊन त्या खाटेवर बसतो, मी उठवतो."

मी म्हटलं, "कोण येतो म्हणाला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "अरेच्चा," म्हणाला. "तुला सांगितलेलं नाही होय."

मी खाटेची लांबी बघितली. सहा फूट दोन इंच. आप्पांना पुरेल. एक पाय अर्ध्या इंचाने आखूड, खाली पुठ्ठा घातलेला.

निघताना त्याला रेघांबद्दल विचारलं, सहज.

"त्या होय? आम्ही त्या चौकीवर सतरा जण होतो. तार तुटली म्हणून तुझा बाप सांधायला गेला, मी त्याच्यासोबत, आणखी एकजण. दोन तासांनी परत आलो तर चौकी नव्हती. त्याने पुस्तकात चौदा रेघा मारल्या. आमच्यातला तो तिसरा गेल्या वर्षी गेला, मी म्हटलं, मार पंधरावी. नाही मारली. म्हणाला, तो घरी मेला, घरची माणसं होती, त्याची नाही मोजायची." मग ओरडूनच म्हणाला, "आहेत ना त्या अजून?"

मी म्हटलं, बसची वेळ झाली.

८ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस थांबलो. आज वर गेलो.

"तुम्ही त्या वसतिगृहात जायचं ठरवलंय?"

आप्पा खुर्चीत बसले होते. "बिगुलाच्या पोटात काही राहायचं नाही."

"इथे काय कमी आहे? खोली आहे, उजेड आहे. दार घासत नाही. जिन्याला कठडा तुमच्या हाताच्या उंचीला लावलाय, मोजून."

"तेच," आप्पा म्हणाले. "या घरात सगळं मापात आहे. मी एकटा वाढीव आहे."

"मी कधी तसं म्हटलं?"

"तू म्हणत नाहीस. तू बघतोस. मी कप ठेवला की तू तो दोन बोटं सरकवतोस. बावीस वर्षं बघतोय. मला अशा ठिकाणी मरायचंय जिथे ठेवलेला कप ठेवला तिथेच राहील."

मी म्हटलं, तिकडच्या खाटेचा एक पाय आखूड आहे.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पुठ्ठा मीच घातलाय."

म्हणजे हे तिथे जाऊन आले आहेत. केव्हा, कोणाबरोबर, ते कळलं नाही. संध्याकाळी हिला विचारलं. ती शिवत होती. धागा दाताने तोडला आणि म्हणाली, "मीच नेलं होतं. जानेवारीत. तुम्ही लेथमध्ये होतात."

रेघांबद्दल मी काही बोललो नाही. काय बोलायचं? पुन्हा काढता येतील; पेन्सिल तीच मिळेल, अंतर मला आठवतं, पाव इंच. पण तसं विचारायला गेलो तर ते काय म्हणतील ते मला माहीत आहे.

१६ एप्रिल, बुधवार

टाचणीने निवेदन घेतलं नाही. म्हणाला, साक्षीदार एकच आणि तो मित्र. शिवाय कागदावर माझ्या बोटाचा ग्रीसचा डाग होता, त्यावर पेनाने गोल करून दाखवला. "आज बरा घाणेरडा आणलात," म्हणाला. "शिकलात म्हणायचं."

अशा माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो.

२४ एप्रिल, गुरुवार

आज मॅडमनी स्वतः बोलावलं, आप्पांनाही. टेबलावर एक लांबडं रजिस्टर होतं, कडा पाण्याने फुगलेल्या, बुरशीचा वास. तारेच्या रिळांचं. कोणत्या दिवशी किती रिळं दिली, कोणाला, परत किती आली. भांडाराची दप्तरं वेगळ्या इमारतीत होती म्हणून वाचली. त्यांनी दोन सुट्टीचे दिवस घालवून शोधलं. दर पानावर आप्पांचा नंबर, पूर्ण सहा आकडी, शेवटी चार आणि नऊ. पुढे आप्पांची सही. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत दहा वर्षं तीन महिने एकोणीस दिवस.

आप्पांनी एका सहीवर बोट ठेवलं. "या दिवशी दोन रिळं कमी परत दिली होती," म्हणाले. "पगारातून कापली."

मॅडम म्हणाल्या, "आता कापणार नाही."

मी आकृतीचा विषय काढला. आकडे चार आणि नऊच निघाले की नाही? मी टिंबसुद्धा घातलेलं नाही की नाही? त्या म्हणाल्या, हो, तुमचं बरोबर होतं. हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. टाचणी दारात उभा होता, त्यानेही ऐकलं.

मग त्यांनी एक छापील कागद पुढे केला. सेवा सिद्ध झाली, पण पुस्तकावरचा संशयास्पदचा शिक्का असाच ठेवून फाइल पुढे जात नाही. तो उतरवायला जबाब हवा. "सदर सेवापुस्तकात मी, अर्जदाराचा मुलगा, अर्जदाराच्या अपरोक्ष खाडाखोड केली असून त्याबद्दल दिलगीर आहे." खाली सही. एवढंच. शिक्षा नाही, दंड नाही, कागदावर ताकीद.

मी म्हटलं, "खाडाखोडच्या जागी दुरुस्ती घाला, आत्ता सही करतो."

"फॉर्मात तीनच शब्द आहेत. हरवले, फाटले, खाडाखोड. यातलाच एक ठेवून बाकीचे खोडायचे असतात."

"मग चौथा वाढवा."

"मुख्यालयाला लिहावं लागेल. वर्ष जाईल, दोन जातील."

आप्पा म्हणाले, "मी करतो सही. मीच केली म्हणून लिहा."

"तुम्ही केली असं लिहिलं तर अर्जच बाद होतो, बाबा. दुसऱ्यानेच केलेली हवी."

मुदत दोन मेपर्यंत. त्यानंतर फाइल संशयास्पद म्हणून मुख्यालयात जाईल. तिथे अशा फाइली किती वर्षं पडतात ते टाचणीने बोटांवर दाखवलं. चार बोटं.

२७ एप्रिल, रविवार

गुरुवारची कचेरीची फेरी सोडली तर दीड महिन्यानंतर आप्पा आज खाली आले. मी दुकानात होतो. स्टूल ओढून बसले. ते टेकायच्या आत मी स्टुलावरची पक्कड काढून घेतली.

"सही कर," ते म्हणाले.

"आप्पा, तो शब्द खोटा आहे."

"खोडलंस की नाही?"

"पेन्सिलीच्या रेघा. त्या नोंदीचा भाग नव्हत्या."

"खोडलंस की नाही?"

"खोडल्या."

"वरून शाई लावलीस की नाही?"

"लावली. पण..."

"मग याला काय म्हणतात? मी शिकलेला नाही. तू सांग."

मी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, दुरुस्तीत आणि खाडाखोडीत काय फरक आहे ते. लेथ बंद केला होता, आवाज चढवायची गरज नव्हती, तरी चढला. ते पूर्ण ऐकून घेत होते. शेवटी उठले.

"मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही," म्हणाले.

हे खरं आहे. मी आठवून पाहिलं. काठीसुद्धा मीच आपणहून केली होती, त्यांनी मागितली नव्हती.

३० एप्रिल, बुधवार

ही दिवसातून दोनदा विचारते: "शाई काढू का तुमची?"

खरं काय ते या वहीत लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही. त्या रेघा खोडायला नको होत्या. चौदा म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. माहीत नसेल तर विचारायचं असतं, हेही खरं. गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडताना मी विचारतो. इथे विचारलं नाही कारण उत्तर नको असं मिळालं असतं.

पण त्यावरून मी माझ्या कामाला तो शब्द लावायचा आणि खाली सही करायची, हे त्यातून निघत नाही. ते दोन वेगळे विषय आहेत. सही केली तर तो कागद राहतो. दप्तरं भिजतात म्हणतात, पण असले कागद भिजत नाहीत. पन्नास वर्षांनी कोणी फाइल उघडली तर दिसेल: याने खाडाखोड केली, दिलगीर आहे.

ही म्हणते, तुम्हाला आप्पांना जाऊ द्यायचं नाही, एवढंच बोला ना. मूर्खासारखं बोलणं. गेले तर वरची खोली मोकळीच होईल. तिथे शिकंजा ठेवता येईल, उजेड उत्तरेचा आहे, कामाला उत्तम. मी मापंही घेतली होती, गेल्या आठवड्यात, ते गच्चीवर असताना. मग फळीवरचा त्यांचा कप उचलला आणि खाली किती गोल डाग पडला आहे ते पाहिलं. डाग काढता आला असता. कप परत तिथेच ठेवला.

आज लिहिण्यासारखं एवढंच.

२ मे, शुक्रवार

आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, गळ्याचं बटण लावलेलं. ट्रंक सकाळीच जिन्याखाली आणून ठेवली होती. कोणी आणली विचारलं नाही.

कचेरीत आप्पा बाहेर बाकावर बसले, मी आत गेलो. मॅडमनी कागद भरून तयार ठेवला होता. मी वाचला. "अपरोक्ष"मधली मात्रा उमटली नव्हती, अपराक्ष वाटत होतं, ती दाखवली. त्यांनी दुरुस्त केली. मी म्हटलं, बघा, आता तुम्ही केलंत ते काय?

त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं. "एका शब्दाचा प्रश्न आहे हो. बाहेर म्हातारा माणूस बसलाय."

"माझाच बाप आहे तो."

"मग?"

मी शेवटचं सुचवलं: खाडाखोड हा शब्द ठेवा, पण पुढे कंसात "अर्जदाराच्या मुलाच्या मते दुरुस्ती" असं लिहू द्या. त्या क्षणभर विचारात पडल्या. खरंच पडल्या. मग म्हणाल्या, तेवढ्यावरून मुख्यालय फाइल परत पाठवेल. टाचणी दारातून म्हणाला, "मिस्त्री, तुमच्यापेक्षा गंजलेला नट लवकर सुटतो."

मी पेनाचं टोपण लावलं आणि ते त्यांच्या बाजूला, टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं.

बाहेर आलो. आप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांकडे. मी काही सांगायच्या आत उठले. टाचणीच्या खिडकीशी गेले आणि विचारलं, वसतिगृहाकडे जाणारी बस कुठे थांबते. तो म्हणाला, "नंबर नसला तर ते दारातूनच परत पाठवतात, बाबा." आप्पा म्हणाले, "राहायला नाही जात. बिगुलाला सांगायला जातोय, खाट दुसऱ्याला दे." मी सोबत येऊ का विचारलं. ते एकटेच गेले. दिवे लागायच्या आधी परत आले, ट्रंक स्वतः ओढत वर नेली. प्रत्येक पायरीवर आपटल्याचा आवाज आला, सोळा वेळा.

नोंद अर्धवट राहू नये म्हणून, मला काय देऊ केलं होतं आणि मी काय नाकारलं ते मॅडमच्या कागदावरून जसंच्या तसं उतरवतो. जबाबावर सही होताच अर्जदारास पेन्शन क्रमांक त्याच दिवशी. दरमहा अठरा हजार सहाशे पन्नास, हयात असेपर्यंत. मागच्या चौदा महिन्यांचे एकरकमी, दोन लाख एकसष्ट हजार शंभर.